चोवीस रंगांचं वैर

ऑक्टोबरचं ऊन उपनगरात परत आलं की कुणाला दिवाळीचे वेध लागतात, कुणाच्या मानेवर घामोळं उठतं. मला माझे शत्रू आठवतात. फार नाहीत, एवढा मी नशीबवान नाही. दोनच. त्यातली एक तेव्हा तिशीत होती आणि दुसरी आठ वर्षांची. दोघी मायलेकी. आयुष्यात मित्र पुष्कळ झाले, त्यातले निम्मे आता कुठे राहतात हेही आठवत नाही. पण या दोघींचा आवाज, उभं राहण्याची ढब, रागावल्यावर आधी कुठली नाकपुडी फुगायची, सगळं लख्ख आहे. मैत्रीला दमट हवेत बुरशी येते. वैर नीट वाळवून ठेवलं तर सुकटीसारखं वर्षानुवर्षं टिकतं, आणि वासही कमी होत नाही.

परवा घाटकोपरला बाजारातल्या स्टेशनरीच्या दुकानात फळ्याचे खडू घ्यायला थांबलो होतो. दुकानदारानं रंगांच्या पेट्या दारातच टांगल्या होत्या आणि दुपारच्या उन्हानं आतल्या मेणाला वास सुटला होता. तेलकट, गोडसर, थोडा विझलेल्या मेणबत्तीचा, थोडा नव्या बुटांचा. तो नाकात शिरला आणि माझ्या पाठीवरून घामाचा ओघळ निघाला. तेवढ्यात मागून आवाज आला.

"सर, माझं चित्र अजून तुमच्याकडेच आहे ना?"

वळून पाहिलं. पस्तिशीची बाई, खांद्याला ऑफिसची पर्स, हाताशी एक मुलगा. डावी नाकपुडी फुगलेली. वैशाली परब, तिसरी ब.

"कुठलं चित्र?" मी म्हणालो. इतकी वर्षं मुलांच्या थापा ऐकल्या, पण मला स्वतःला अजून एक धड थाप मारता येत नाही.

"तेच. डोंगराचं."

"शोधावं लागेल गं. किती वर्षं झाली."

"शोधू नका. कुठे आहे ते तुम्हाला माहीत आहे." तिनं मुलासाठी दुकानातली सगळ्यात मोठी पेटी उतरवायला सांगितली, झाकण उघडून एकेक रंग बोटानं मोजला आणि जाता जाता म्हणाली, "आई गावाला असते. परवा फोनवर विचारत होती, मास्तर अजून निळ्यापिवळ्याचो हिरवो करतत काय?"

मी दुकानातच उभा राहिलो. खडू घ्यायचे विसरलो. खरं सांगतो, इतका आनंद मला गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ होता. गिरण्यांचा संप मोडून दोनेक वर्षं झाली होती. परळ-लालबागच्या खोल्या विकून किंवा भावाला सोडून कितीतरी कोकणातली घरं घाटकोपरच्या डोंगरावर येऊन चिकटली होती. डोंगराच्या पायथ्याशी एका संस्थेची मराठी प्राथमिक शाळा होती. तिथे मी बावीस वर्षांचा चित्रकला शिक्षक म्हणून जूनमध्ये लागलो. लागलो म्हणजे टेकलो. मुख्याध्यापिका जोगळेकरबाई पुण्याच्या होत्या आणि प्रत्येक वाक्य इस्त्री करून बोलत. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "नेमणूक दिवाळीपर्यंतची आहे. सुट्टीच्या आदल्या दिवशी संस्थेचे चिटणीस मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन पाहायला येतात. त्यांना पसंत पडलं, तर तुम्ही कायम. नाही पडलं, तर आपण दोघेही मोकळे."

मी तेव्हा मुलुंडला बहिणीकडे राहत होतो. भावोजी रोज सकाळी वर्तमानपत्रामागून विचारत, "काय, आज कोणतं फळ काढणार?" बहीण मान खाली घालून पोळ्या लाटत असे. कायम होणं म्हणजे माझ्या दृष्टीनं नोकरी नव्हती, ते वर्तमानपत्र खाली आणणं होतं.

तिसरी ब सगळ्यात वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली. अठ्ठेचाळीस मुलं. पावसाळा संपला की तो पत्रा असा तापायचा की दुपारच्या तासाला मुलं तव्यावर टाकलेल्या पापडासारखी कडेनं वळायची. त्या भट्टीत मी त्यांना वर्तुळ शिकवलं. आधी कागद नाही, पेन्सिल नाही. हवेत बोट. "खांद्यापासून फिरवा. मनगटातून नाही, खांद्यातून. आई भाकरी थापते तशी." अठ्ठेचाळीस हात हवेत फिरत, शेजारच्याच्या डोळ्यात जात, मारामाऱ्या होत. मग कागदावर लिंबू. लिंबाला देठ लावला की चिकू, चिकूला शेंडी काढली की नारळ, नारळाला कान लावले की जोगळेकरबाई. हे शेवटचं मी शिकवलं नव्हतं, त्यांनी स्वतः शोधलं.

लहान मुलांना चित्रकला शिकवणं हे शिकवणं नसतंच, ती लढाई असते, आणि समोरची बाजू कधी वाकत नाही. आठ वर्षांचं मूल कागदाच्या तळाला एक पट्टी काढतं, ती जमीन. डोक्यावर एक पट्टी काढतं, ते आभाळ. मधला कागद कोरा. मी सांगायचो, "अरे, आभाळ खालपर्यंत येतं. डोंगराला टेकतं. खिडकीतून बघा."

संजय कदम नावाचा एक मुलगा होता, पुढचे दोन दात पडलेला. तो उठून खिडकीतून नीट बघून आला आणि म्हणाला, "नाही टेकत सर. वर आभाळ, खाली जमीन, मध्ये हवा असते."

"हवा दिसते का रे तुला?"

"नाही ना सर. म्हणून तर तिला रंग नाही दिला."

मी त्याला बसवलं. आणि डोक्यावरून विमान गेलं. त्या डोंगरावरून विमानं इतकी खाली उतरत येत की पत्रा थरथरायचा आणि दर तासाला दोनदा शिकवणं थांबायचं. तिसरी बच्या प्रत्येक चित्रात विमान असे. लिंबाच्या चित्रातसुद्धा.

आता माझ्या पापाकडे येतो. ते मी मोठ्या थाटात केलं होतं, तेव्हा सांगतोही थाटातच. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की मूळ रंग तीनच. तांबडा, पिवळा, निळा. बाकीचे सगळे त्यांची पोरंबाळं. मी हे ज्ञान नव्या जानव्यासारखं छातीवर मिरवत होतो. वर्गात पाहावं तर कुणाकडे सहा खडू, कुणाकडे बारा, कुणाकडे तुटका एक. ज्यांच्याकडे बारा, ते ज्यांच्याकडे एक त्यांच्याकडून दप्तर उचलून घेत. मला वाटलं, इथे न्याय करावा. घटस्थापनेच्या दिवशी मी बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आणला आणि जाहीर केलं, "आजपासून प्रत्येकाकडे तीनच रंग. बाकीचे सगळे डब्यात. हिरवा हवा असेल तर बनवा."

वर्गात एकदम शांतता पसरली. मला ती आदराची वाटली. तो युद्धाआधीचा विराम होता.

खडू डब्यात पडू लागले. शेवटच्या बाकावरून वैशाली परब आली. तिच्या हातात पेटी होती, चोवीस रंगांची, झाकणावर पोपट, आणि खडू जेमतेम झिजलेले. ती रोज त्यातला एकच रंग वापरायची आणि पुन्हा आपल्या जागी, टोक वर करून ठेवायची. मी पेटी डब्यात उलटी केली. तिच्यातले तांबडा, पिवळा आणि निळा वेगळे काढले, मधोमध मोडले आणि ज्यांच्याकडे नव्हते त्यांना वाटले. तांबड्याचा अर्धा तुकडा नमुना दाखवायला माझ्या खिशात राहिला. जवळपास रिकामी पेटी मी तिला परत दिली, आत इतरांचे तीन झिजके तुकडे टाकून. डावी नाकपुडी तेव्हा मी पहिल्यांदा पाहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वर्गाच्या दारात तिची आई. हातात भाजीची पिशवी, पदर कमरेला. तिला मी पुढे सगळीकडे परबबाई म्हणेन. मनातल्या मनात काय म्हणत होतो ते छापण्यासारखं नाही.

"मास्तर, माझ्या चेडवाचे रंग खंय आसत?"

"सुरक्षित आहेत. वर्गाच्या डब्यात."

"ते कित्याक?"

मी वर्गाकडे एक नजर टाकली. प्रेक्षक भरपूर होते. हात पसरून म्हणालो, "बाई, रंग कुणा एकाचे नसतात. रंग सूर्याचे असतात."

"मगे सूर्याक सांगा, मस्कताहून धाडूक," परबबाई म्हणाली. "ते तेच्या बापाशीन धाडलेले आसत. गिरण बंद पडल्यार तो थंय गेलो. पयल्या पगाराचे."

वर्ग हसला. माझ्या बाजूनं नाही. मी घाईघाईनं तीन मूळ रंगांचं शास्त्र सांगायला घेतलं. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं, हे मान्य केलं पाहिजे. मग म्हणाली, "माझो घोव सतरा वर्सां गिरणीत रंगखात्यात होतो. हिरवो रंग हिरव्याच्या पिपातसून येता. तेनी कधी निळ्यात पिवळो घातल्यान नाय. घातलो असतो तर साहेबान तेका पिपात घातलो असतो."

आणि भाजीची पिशवी सावरून ती जिना उतरली. उतरताना पायरीपायरीला ऐकू येईल असं बोलत होती. "तुमी"वरून "तू"वर ती दुसऱ्या मजल्यावर आली. पहिल्या मजल्यावर काय म्हणाली ते माझ्यापर्यंत पोचलं नाही, पण पहिलीची मुलं बराच वेळ हसत होती.

ती बरोबर होती, ही सगळ्यात संतापजनक गोष्ट. पाण्याच्या रंगात निळ्यापिवळ्याचा हिरवा होतो. मेणाच्या खडूंत होत नाही. पिवळ्यावर निळा घासला की निळा घसरतो, कागद तुळतुळीत होतो, आणखी घासलं की दोन्ही रंगांचं बोटानं उचलता येईल असं लापशीसारखं काहीतरी होतं. ऑक्टोबरच्या त्या पत्र्याखाली तर मेण आधीच मऊ झालेलं. तिसरी बच्या झाडांची पानं डबक्यातल्या पाण्याच्या रंगाची झाली. जांभळा असा आला की कुणीतरी जांभूळ खाऊन थुंकावं. पोपट काढला की तो आजारी दिसायचा, गणपतीची आरास काढली की पूर आल्यासारखी. आणि माझ्यातला मूर्ख रोज म्हणत होता, "छान. आणखी घासा."

मुलांनी माझ्याशी भांडण केलं नाही. त्यांनी धंदा सुरू केला. हिरव्याची तस्करी. डब्यातून हिरवे खडू नाहीसे होऊ लागले. ते मोज्यात सापडत, वेणीच्या रिबिनीत सापडत, एकदा तर जेवणाच्या डब्यातल्या घावनाच्या घडीत सापडला. हिरव्याच्या एका नखाएवढ्या तुकड्याला मधल्या सुट्टीत चार चिंचा मिळत, पोपटी असेल तर पाच. संजय कदम त्या व्यापाराचा शेठ होता. पडलेल्या दोन दातांच्या फटीत तो माल लपवायचा. मी कस्टमवाल्यासारखा बाकाबाकावरून फिरून झडती घ्यायचो आणि तो जबडा मिटून, माझ्याकडे संतासारखा बघायचा.

"तोंड उघड, कदम."

तो मान हलवायचा.

"उघड म्हणतो ना."

शेजारचा म्हणायचा, "सर, त्याला दातदुखी आहे," आणि कदमच्या ओठांच्या कोपऱ्यातून हिरवी लाळ गळायची.

मला खरं तर तेव्हाच थांबायला हवं होतं. ज्या रंगासाठी मुलं तोंड मेणानं भरतात तो रंग त्यांना द्यायचा असतो, एवढं कळायला डिप्लोमा लागत नाही. बहुधा डिप्लोमामुळेच कळलं नाही. मी डबा कपाटातून काढला आणि खिडकीबाहेरच्या सज्जावर, मुलांचा हात पोचणार नाही असा, ठेवून दिला. झाकण घट्ट लावलं. पश्चिमेची खिडकी. मग दसऱ्याची सुट्टी लागली.

सुट्टीनंतर शिपाई गणपतकाकांनी डबा आत आणून टेबलावर ठेवला. तो ठेवताना खडखडला नाही. झाकण काढलं. आत अठ्ठेचाळीस मुलांचे सगळे रंग वितळून, मिसळून, रात्रीच्या गारव्यात पुन्हा थिजून एक जाड गोळा झाला होता. वरून तपकिरी, कडांना इंद्रधनुष्याच्या वाती, मधून कागदाची वेष्टणं लोणच्यातल्या मिरच्यांसारखी वर आलेली.

गणपतकाकांनी तो बोटानं ठोकून पाहिला. "सर," ते म्हणाले, "वड्या पाडायच्या का?"

बाकीच्या घरांतून शिव्या आल्या आणि विरल्या, कारण त्यांचे खडू तसे झिजलेलेच होते. परबबाई मात्र आली. जोगळेकरबाईंनी मला आधीच सांगितलं होतं, "त्यांचे रंग प्रदर्शनाच्या आत परत करा. तक्रार चिटणीसांच्या कानावर गेली तर मी काही करू शकणार नाही." मी गोळा परबबाईच्या पुढ्यात ठेवला. यापेक्षा जास्त प्रामाणिकपणा मला त्या वयात परवडत नव्हता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला. तोलला. नाकाशी नेला, अंगठ्याच्या नखानं एक कड खरवडून पाहिली. हे सगळं इतकं सावकाश की मला वाटलं, आता हा माझ्या डोक्यात बसणार.

"बरां केलात मास्तर," ती म्हणाली. "आता तीन पण नको. एकच पुरो."

दुसऱ्या दिवशी मी बाजार पालथा घातला. मस्कतची पेटी घाटकोपरला कुठून मिळणार? बारा रंगांच्या दोन पेट्या घेतल्या आणि डोंगर चढून तिच्या खोलीवर गेलो. ती दारात तांदूळ निवडत होती. तिनं दोन्ही पेट्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या. हिरवा आणि हिरवा. गुलाबी आणि गुलाबी.

"हे चोवीस न्हय," ती म्हणाली आणि पेट्या माझ्याकडे सरकवल्या. "हे बाराच, दोनदा."

मी खाली येईपर्यंत तीन विमानं उतरली.

त्या पेट्या मी वर्गात वाटायला हव्या होत्या. नाही वाटल्या. वाटल्या असत्या तर हरलो असतो. रागानं कपाटात कोंबल्या आणि प्रदर्शनाचा विषय फळ्यावर लिहिला, "आमचा डोंगर". तीन रंगांत. तोवर ते माझं तत्त्व राहिलं नव्हतं, केवळ हट्ट उरला होता. सत्तेचाळीस मुलांनी डोंगर रंगवला. जमिनीची पट्टी, आभाळाची पट्टी, विमान, आणि मध्ये सत्तेचाळीस शेणाचे ढीग.

अठ्ठेचाळिसाव्या कागदावर रंगच नव्हता. वैशालीनं पेन्सिलीनं सगळा डोंगर काढला होता, एकेक खोली, एकेक पायरी, दोऱ्यांवरचे कपडे, पाण्याची पिंपं, आणि प्रत्येक आकाराच्या आत बारीक अक्षरात लिहिलं होतं. इथे पोपटी. इथे डाळिंबी. इथे चिंतामणी. इथे गाजरी. इथे मोरपंखी.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"आमचा डोंगर."

"रंगवला का नाहीस?"

"बाबांच्या खात्यात असंच असतं. आधी कागदावर नावं लिहितात. रंग आला की मग भरतात."

"तुझ्याकडे तीन रंग आहेत ना?"

तिनं पेन्सिल खाली ठेवली. मग सरळ आवाजात म्हणाली, "सर, मी संपावर आहे."

त्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाप गिरणीत होते. तो शब्द तिथे कुणी हसून उच्चारत नसे. मी तिथेच थांबायला हवं होतं, हे लिहिताना मला दुसऱ्यांदा जाणवतं आहे. पण मी बावीस वर्षांचा होतो आणि समोर आठ वर्षांचं माणूस मला सगळ्यांदेखत नाही म्हणत होतं. मी खिशातून लाल खडूचा तो अर्धा तुकडा काढला आणि कागदाच्या कोपऱ्यात हे मोठं शून्य दिलं. सुंदर शून्य होतं. खांद्यातून काढलेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी मी शाळेच्या हॉलमध्ये सुतळ्या बांधून सत्तेचाळीस चित्रं चिमट्यांनी लटकवली. अठ्ठेचाळिसावं तिच्या दप्तरात गेलं होतं आणि ते तिथेच राहावं अशी माझी प्रार्थना होती. चिटणीस जिना चढत असताना परबबाई दुसऱ्या दारानं आत आली. तिनं बरोबर मधली दोन चित्रं बाजूला सरकवली, दातात धरलेला चिमटा काढला आणि लुगडं वाळत घालावं तसं मुलीचं चित्र तिथे घातलं. कोपऱ्यातल्या शून्यासकट. मग पालकांच्या रांगेत जाऊन हाताची घडी घालून उभी राहिली. शेजारी वैशाली. चार नाकपुड्या.

चिटणीस म्हातारे होते, टोपी घालायचे, आणि घशात काहीतरी अडकल्यासारखे बोलायचे. पहिली दहा चित्रं त्यांनी चालत चालतच पाहिली. अकराव्यापाशी म्हणाले, "हे काय आहे?"

"डोंगर, साहेब," जोगळेकरबाई म्हणाल्या.

"आणि हे?"

"डोंगरच."

"सगळ्यांना कावीळ झाली आहे का?"

माझ्या डोळ्यांपुढे मुलुंडचं ते वर्तमानपत्र आलं. ते खाली येत नव्हतं. त्यामागे भावोजी हसत होते.

चिटणीस मध्ये आले आणि थांबले. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नाक कागदाला लावलं आणि मोठ्यानं वाचायला लागले. "इथे गाजरी. इथे डाळिंबी. इथे आमसुली. इथे धुतलेला निळा." म्हातारा खोल्याखोल्यांतून चढत होता. "इथे पांढरा, पांढरा लागत नाही, कागदच आहे." ते विमान होतं. आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या कोऱ्या जागेपाशी येऊन ते वाचते झाले, "इथे हवा. रंग नको."

ते माझ्याकडे वळले. "ही कल्पना कुणाची?"

इथे थोडा पडदा ओढावासा वाटतो, कारण पुढचं नाटक चांगलं असलं तरी त्यातला नट बदमाश आहे. मी एक पाऊल पुढे टाकलं आणि म्हणालो, "माझी पद्धत आहे, साहेब. आधी मुलांनी रंग मनात पाहायचा. नाव लिहायचं. मग हाताला रंग." बोलता बोलता मला ते खरंच वाटायला लागलं. जोगळेकरबाई माझ्याकडे अशा पाहत होत्या जसं कुणी इस्त्रीखाली झुरळ पाहावं.

"हे तुमच्या मुलीचं चित्र का?" चिटणीसांनी परबबाईला विचारलं. "सरांची पद्धत आवडते का तिला?"

झालं, मी म्हटलं. आता संपलं. परबबाईनं हाताची घडी सोडली. साहेबांसमोर ती शुद्ध बोलली, आणि ते मालवणीपेक्षा भयंकर होतं.

"सरांचीच पद्धत आहे, साहेब. त्यांनी पोरांचे रंग काढून घेतले. म्हणून तर पोरीला नावं लिहावी लागली."

चिटणीस आनंदानं थरथरले. "ऐकलंत, बाई? रंग काढून घेतले. याला म्हणतात शिकवणं." चित्र ऑफिसात लावायचा हुकूम झाला. मी कायम झालो. एकही शब्द खोटा न बोलता परबबाईनं मला कायम केलं, आणि त्या हॉलमध्ये तिचं म्हणणं नीट समजलेली माणसं तीनच होती. ती, मी, आणि आठ वर्षांची.

मला वाटलं, हिच्या मनात कुठेतरी दया आली असणार. पुढे होऊन हात जोडले. "परबबाई, तुम्ही माझी नोकरी..."

"नोकरी गेली तुझ्या बोडक्यार," ती हळूच म्हणाली. "पुढल्या वर्सा माझो धाकटो तिसरीत येता. तू गेलस तर नव्या मास्तराशी पयल्यापासून भांडूचा लागात. तुका आता मी शिकवलंय."

आणि खरंच, पुढचं वर्षभर ती दर गुरुवारी वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहायची. आम्ही एकदाही एकमेकांकडे बघून हसलो नाही. धाकट्याकडेही मस्कतची पेटी होती. मी तिला हात लावला नाही. दिवाळीनंतर पहिल्याच दिवशी कपाटातल्या दोन्ही पेट्या आणि गोळ्याच्या वड्या मी वर्गात वाटून टाकल्या, आणि संजय कदमचा धंदा एका दिवसात बुडाला. तोही मग माझ्याशी बोलेनासा झाला.

प्रदर्शनाच्या त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर मी चित्रं उतरवत होतो. वैशालीचं चित्र चिमट्यातून सोडवताना कोपऱ्यातल्या शून्याकडे लक्ष गेलं. दिवसभर मी त्याच्याकडे बघायचं टाळलं होतं. चिटणीसांनी डोंगर वाचला, आभाळ वाचलं, पण तिथवर ते पोचले नव्हते. मी वाचलं, आणि दुसऱ्याच दिवशी चौकटवाल्याकडे जाऊन सांगितलं की जाड पुठ्ठ्याची कड अशी बसवा की हा कोपरा झाकला जाईल. ते चित्र तसंच वर्षानुवर्षं ऑफिसात होतं. शाळेला रंग काढला तेव्हा खाली उतरवलं, आणि मी ते घरी आणलं. मागितलं कुणी नव्हतं. परवापर्यंत.

आज दुपारी चौकट उघडली. खिळे गंजले होते, काच निघता निघत नव्हती. बाहेर तेच ऊन, वरून तेच विमान. पेन्सिल बरीच पुसट झाली आहे, चिंतामणी आणि मोरपंखी आता नीट वाचता येत नाही. शून्य मात्र कालच काढल्यासारखं आहे. मेण फिकट होत नाही. चांगला रंग होता, मस्कतचा, इकडे तसा मिळत नसे. त्या शून्याच्या पोटात, तिच्याच हातच्या बारीक अक्षरात, लिहिलं आहे:

इथे लाल. हा माझा आहे.